फळ्यांखालची जेन

मंद्रूपच्या सत्यव्वा धनगरणीवर अन्याय झाला आहे. तो ह्याच वर्षी अक्षय्यतृतीयेला सकाळी झाला. आपल्या गावातल्या नव्या नाट्यगृहात, रंगपीठावर जाणाऱ्या लाकडी जिन्याच्या पहिल्या पायरीशी झाला. पाहुणे खुर्च्यांत बसले होते आणि नांदी व्हायची होती. करणारे कोण तेही मला ठाऊक आहे, आणि पाहणारे तर पुष्कळच होते. त्यांतले बरेचसे हा अंक विकत घेऊन वाचणारे आहेत.

संपादकांनी माझ्याकडे 'धंद्यातल्या गमतीजमती' मागितल्या. वर म्हणाले, "पत्रक नको हं नरसय्या, दिवाळी आहे." मी आजवर जे काही लिहिले ती पत्रकेच. एका बाजूला छापलेली, मंगळवारच्या बाजारात वाटलेली, आणि दुसऱ्या दिवशी भजी बांधायच्या उपयोगी पडलेली. तेव्हा आता दोन्ही देतो. गमती आहेत आणि ह्या धंद्यावर माझा जीव आहे, हे खोटे नाही. पण वरचे वाक्य वाचून मगच पुढे यायचे.

माझे काम फळ्यांखालचे. हे सांगितले की ऐकणारा म्हणतो, म्हणजे सुतारकाम. तसे नाही. सुतार वरची सागवानी फळी बसवतो, रंधा मारतो, तेल देतो, आणि लोक वाकून तिच्यात आपले तोंड पाहतात. त्या फळीच्या खाली जे असते ते मी घालतो. फळी बसली की माझे काम दिसेनासे होते. ते दिसू लागले तर समजावे की बिघडले. आम्ही त्याला आमच्यात अंथरूण म्हणतो. माणसाला लागते तसे लाकडालाही लागते.

सोलापुरात लाकडी जमिनी मुळात किती? आपण शहाबादी फरशीवर जन्मतो आणि तिच्यावरच आपल्याला आंघोळ घालून बाहेर काढतात. फळ्यांच्या जमिनी साहेबलोकांच्या बंगल्यांत, रेल्वेवाल्यांच्या नाचघरात, आणि नाटकाच्या रंगपीठाला. पण त्या थोड्या जमिनी घालताना आपली काळी माती घाम काढते. उन्हाळ्यात ती एवढी भेगाळते की भेगेत कोंबडीचे पिल्लू जाते. पावसात फुगते आणि वरचे सगळे उचलून धरते. म्हणून आधी माती काढून मुरूम भरायचा, धुम्मस मारून दाबायचा, त्यावर चुन्याचा कोबा, कोबा वाळला की डांबराचा हात, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीही नाक मुरडते. मग लाकडी कड्या, कड्यांवर आंब्याच्या ओबडधोबड फळ्या, त्यांवर अंथरूण, आणि सर्वांत वर सागवान. भिंतीपाशी बोटभर जागा मोकळी ठेवायची. लाकूड पावसाळ्यात रुंद होते, त्याला पाय पसरायला जागा हवी.

"लकडी मर गई तो भी पानी पीती रे," कासीमचाचा म्हणायचे. मला हे सगळे त्यांनी शिकवले. आमच्या घरात माग, घरात बोली तेलुगू, आणि बापाची एकच इच्छा की पोराने मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गप बसावे. माझे पाय गप बसत नव्हते. कासीमचाचांनी ते पाहिले आणि बापाला सांगितले, "हा पोरगा मला दे. मला चालणारे पाय लागतात."

चालणारे पाय, हे ते अक्षरशः म्हणत होते. जमीन झाली की चाचा वहाणा काढत, डोळे मिटत, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाच आपटत जात. तोंडात पान आणि पानातून कसलीतरी कव्वाली. टाच पोकळ वाजली की कव्वाली थांबे. काम सोपवायच्या दिवशी ते दाढीला मेंदी लावून येत. फळी साहेबाची, पण मेंदी चाचांच्या दाढीला, आणि आलेला प्रत्येक माणूस आधी दाढीकडे बघणार ह्याची त्यांना खात्री. हा माणूस नम्र नव्हता. चुका मात्र त्यांच्याही होत, आणि एका चुकीने आम्हाला सत्यव्वाच्या दारात नेले. ती चूक सांगतो.

एका गिरणीच्या साहेबाचा बंगला होता. जेवणघराला सागवानी जमीन हवी होती. अंथरुणाला आम्ही तेव्हा जाड डांबरी कागद वापरत होतो, तो मुंबईहून येई. त्या वेळी आला नाही, आणि मडमेची बहीण विलायतेहून यायची होती. चाचा म्हणाले, गोणपाट घालू. गोणपाट बाजारात ढिगाने मिळते. ढीग आणला, धुतला, वाळवला, दुहेरी पसरला, वर फळ्या ठोकल्या. चाचांनी टाचेने वाजवून पाहिले. आवाज असा मऊ की स्वतःवरच खूश झाले.

पुढची हकीकत बंगल्याच्या बटलरने सांगितली. मडमेची बहीण आली, पहिल्याच जेवणाला गोड आले, आणि दोन फळ्यांच्या सांधीतून मुंग्या निघाल्या. एक ओळ. सरळ टेबलाच्या पायावरून वर, चादरीवरून आडवी, आणि गोडाच्या भांड्यात. पुसली तर दुसऱ्या सांधीतून दुसरी ओळ. पाहुणीने पाय खुर्चीवर घेतले, मग मडमेने घेतले, शेवटी साहेबानेही घेतले.

आम्हाला बोलावणे आले. चाचांनी एक फळी उचलली, गोणपाटाचा कोपरा फाडला, आणि साहेबाच्या देखत जिभेला लावला.

"गूळ," ते म्हणाले.

अडत्याकडच्या गुळाच्या गोण्या होत्या त्या. आम्ही धुतल्या होत्या, पण तागाच्या पोटात शिरलेला गूळ एका धुण्याने कुठला निघतोय. हे मुंगीला कळले, आम्हाला कळले नाही. सगळी जमीन उचलावी लागली. मडम वरांड्यात बसून हसत होती, साहेब हसत नव्हता. परत येताना चाचांनी टांग्यात पान लावले. मग म्हणाले, "नरसय्या, अब ऐसी चीज होना के जिसकू मुंगी भी नक्को बोले."

ती चीज लोकर. हे त्यांना मंद्रूपच्या बाजारात सुचले. आम्ही आंब्याच्या फळ्या बघायला गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक धनगरीण जेना मांडून बसली होती. शहरी वाचकांसाठी सांगतो, जेन म्हणजे घोंगडी नव्हे. घोंगडी विणतात. जेन विणत नाहीत. लोकर पिंजायची, थरावर थर पसरायची, पाणी मारायचे, गुंडाळी करायची आणि तुडवायची, इतकी तुडवायची की केसात केस गुंतून त्याचा बोटभर जाडीचा एकच तुकडा होतो. त्याला ताणा नाही, बाणा नाही. थंडीत अंथरली की माणूस पुन्हा उठायचे नाव घेत नाही.

चाचा वहाणांसकट त्या जेनवर उभे राहिले आणि टाच आपटू लागले.

"ए मिस्त्री," ती म्हणाली, "जेन हाय ती, खळं न्हाय. उतर की खाली."

"बाई, बघतो की मी."

"डोळं कपाळाला असत्यात. तुजं टाचंला हायत व्हय?"

तिच्यामागे तिचा नवरा बिरा बसला होता, तो तोंडात काडी धरून नुसता हसला. हा बिरा फार कमी बोलतो. त्याच्या वाटचे सत्यव्वा बोलते.

चाचा खाली उतरले, वहाणा काढून पुन्हा चढले, आणि आता डोळे मिटून वाजवू लागले. बाजारातली माणसे जमली. सत्यव्वाने त्यांना पुरते वाजवू दिले. मग म्हणाली, "झाली का कुस्ती? किती घिनार?"

चाचांनी जेवढ्या सांगितल्या तेवढ्या ऐकून तिने विचारले, "लगीन हाय व्हय घरात?"

मी सांगितले की जमिनीवर जेना पसरायच्या आणि वर फळ्या ठोकायच्या. तिला वाटले मी थट्टा करतोय. मी पुन्हा सांगितले.

"मंजी जेन पुरायची," ती म्हणाली. "आनि झोपायचं कुणी तिच्यावं? उंदरांनी?" आणि जेना गुंडाळायला लागली. "न्हाय द्यायची मला. मेल्यालं पुरत्यात."

दोन वेळा आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. तिसऱ्या वेळी चाचांनी तिला पान दिले आणि बोलायला मला पुढे केले. तोवर नाट्यगृहाचे काम आमच्याकडे आले होते. मी तिला सांगितले की ह्या फळ्यांवर राजे येणार, राण्या येणार, गाणी होणार, हजार माणूस समोर बसून बघणार, आणि ते सगळे तुझ्या जेनवर उभे राहणार. ती ऐकत राहिली. मग तिने बिराकडे बघितले. बिराने तोंडातली काडी काढली आणि म्हणाला, "गानं बरं असतंय."

"एक हाय पर," सत्यव्वा म्हणाली. "आमच्या घरची रीत हाय. माज्या सासूची, तिच्या सासूची. जेन जितं अंथरायची तितं अंथरली की करनारनीनं एकदा तिच्यावं चालायचं. अनवानी. गाठ लागली तर पायाला कळती. चालून झालं की मग ती घरवाल्याची. तवर आमचीच."

"चल की बाई, कौन नक्को बोला," चाचा म्हणाले.

"फळ्या ठोकल्याव चालनार म्या. वरनं. तुजी रीत वरनं वाजवायची हाय न्हवं, मग माजीबी वरनं."

"कबूल," चाचा म्हणाले. मीही कबूल म्हणालो. शब्द आमचा दोघांचा गेला, हे लक्षात ठेवा.

मग मी मंद्रूपला जाऊन जेना होताना पाहिल्या. बिरा मेंढरांची लोकर कातरायचा आणि पिंजायचा. सत्यव्वा, तिची नणंद आणि शेजारच्या दोघी, चौघी मिळून पदर खोचून गुंडाळी तुडवायच्या. खांद्याला खांदा, एकमेकींच्या कमरेला हात, पाय एका तालात. तोंडाने ओव्या, त्यांत कधी कानडी शब्द तर कधी सासरच्या माणसांची बदनामी. मधेच पाणी मारायच्या, गुंडाळी फिरवायच्या, पुन्हा तुडवायच्या. मी म्हणालो, मी पण बघतो. चार पावले टाकली आणि घसरून आडवा झालो.

"उठ रं भावा," सत्यव्वा म्हणाली, "तुला बी गुंडाळू का आत? चांगला मऊ हायस."

तयार जेनवर ती एकटी चालायची. हळू, टाचेपासून अंगठ्यापर्यंत एकेक पाय टेकत. गाठ लागली की तिथेच बसायची आणि नखाने ती सोडवायची. चाचा दुरून बघत होते. मला म्हणाले, "अपनी ही बिरादरी की हय ये." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. मला तर ती कधीच मिळाली नाही.

नाट्यगृहाचे रंगपीठ घातले ते दिवस माझ्या कामातले सर्वांत चांगले. लोकर खाणारी कसर लागू नये म्हणून सत्यव्वाने कडुनिंबाचा वाळला पाला आणि तंबाखूची भुकटी बरोबर दिली होती, ती जेनांखाली पसरली. आत शिरले की शिंका येत. जेना कड्यांच्या आडव्या पसरल्या, कडेला कड मिळवून, मधे केसभर फट नाही. वर सागवान, खिळा तिरका मारलेला, म्हणजे डोके दिसत नाही.

तेव्हा एक गिऱ्हाईक रोज येई. इथे खेळ करणाऱ्या नाटक कंपनीत नायिकेची कामे करणारे नट, त्यांना मी इथे बाबूराव म्हणतो. त्यांना आमच्या कामाची भारी काळजी. जुन्या रंगपीठावर ते लाजत मुरडत आले की फळी धाडकन वाजायची आणि पिटातल्या स्वस्त जागांवरून कोणी ओरडायचे, "उंट आला." ते दुःख त्यांच्या मनात होते. सकाळच्या वेळी अर्धी दाढी केलेली, वर उघडे, खाली नऊवारी नेसलेली, असे ते अर्ध्या झालेल्या रंगपीठावर येत आणि चालून दाखवत.

"ऐकू आलं?" ते मला विचारत.

"नाही."

"आता वळते. आता?" चालीत शिरले की ते बाईच होत.

"नाही आलं."

"मिस्त्री, तुम्ही देवमाणूस आहात," ते चाचांना म्हणत, आणि चाचा दाढीवरून हात फिरवत.

एकदा ते असे चालत असताना सत्यव्वा आणि बिरा उरलेल्या जेना घेऊन गाडीतून आले. सत्यव्वा दारातच थांबली. बराच वेळ बाबूरावांना खालून वर न्याहाळून तिने मला बाजूला ओढले.

"बाई हाय का बाप्या?"

"बाप्या. राणीचं काम करतो."

"का? बाया मेल्या व्हय सोलापुरातल्या?"

मी तिला सांगितले की कंपनीत बायका काम करीत नाहीत, अजून तसा रिवाज नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "चालतोय बरा. पर टाच लई टेकतोय. बाई भार अंगठ्याव घेती." बाबूरावांच्या कानावर हे गेले. ते रागावतील असे मला वाटले. ते खाली आले आणि म्हणाले, "दाखवा." आणि तिथे, प्रेक्षकांच्या मोकळ्या जागेत, मंद्रूपची धनगरीण सोलापूरच्या नायिकेला चालून दाखवू लागली, आणि नायिका तिच्यामागून निरी सावरत पाऊल टाकू लागली. बिरा म्हणाला, "दोनी बी माज्याकडं लावून दिऊ नका." आम्ही पोट धरून हसलो.

म्हणजे तिला तिथे ओळखत नव्हते असे नाही. बाबूराव ओळखत होते. नाट्यगृहाचे चिटणीसही ओळखत होते. त्यांनी तिच्या जेना हाताने चाचपून पाहिल्या होत्या आणि 'आपल्या देशी मालाचे' कौतुकही केले होते.

अक्षय्यतृतीयेला उद्घाटन होते. मी मंद्रूपला निरोप धाडला. सत्यव्वा नवे इरकली लुगडे नेसून आली. बिराने पटका बांधला होता. ती बाहेरच्या नळावर थांबली आणि तिने पाय धुतले, घोटे चोळून चोळून धुतले, पदराच्या टोकाने पुसले. मग आत आली. चाचांची मेंदी त्या दिवशी गडद रंगली होती. ठरले असे की पाहुणे बसले की चाचा एकदा टाचेने चालतील, मागून सत्यव्वा चालेल, मग नारळ, मग नांदी.

चाचा चालले. रंगपीठ एक शब्द बोलले नाही. टाळ्या पडल्या. सत्यव्वाने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि कंपनीचे मालक आडवे आले.

"ही कुठं चालली?"

मी सांगितले.

"रंगपीठावर बाई नको," ते म्हणाले. "आजपर्यंत आमच्या कंपनीच्या रंगपीठाला बाईचा पाय लागलेला नाही. रंगदेवता आहे ती. पहिलाच दिवस आहे."

मी चिटणिसांकडे पाहिले. हे चिटणीस वकील. श्रमाची प्रतिष्ठा ह्या विषयावर त्यांचे भाषण मी दोनदा ऐकले आहे, एकदा टाळ्याही दिल्या आहेत. ते खालच्या आवाजात म्हणाले, "नरसय्या, आत्ता वाद नको. बाईंना बसायला जागा करून द्या. मागं बायकांच्या बाजूला. पेढा द्या."

"तिला पेढा नको आहे. तिला चालायचं आहे."

"नंतर बघू."

"नंतर कधी?"

"तुम्ही ह्यावर एक पत्रक काढा," ते म्हणाले आणि हसले. भोवतालचेही हसले.

मी तिथेच मोठ्याने बोलायला सुरुवात केली. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात 'ढोंग' हा शब्द होता, कारण तो शब्द ऐकून पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मला दोन्ही हातांनी खाली बसण्याची खूण केली. सत्यव्वाने माझ्या दंडाला धरून मला मागे सारले. तिचा पाय अजून पहिल्या पायरीवर होता.

"म्हाराज," ती मालकांना म्हणाली, "ह्या फळ्यांच्या खाली काय हाय ठावं हाय का तुमाला?"

मालकांनी फळ्यांकडे पाहिले.

"जेन हाय. माजी. आमी चौघी बायांनी तुडवल्याली. समद्या जागी बायकांचंच पाय हायत खाली. तुमची देवता त्याच्याव उबी हाय कवाधरनं."

पिटातून कोणीतरी हसले. मालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चिटणिसांकडे पाहिले आणि चिटणिसांनी छताकडे.

"बरं, ऱ्हाऊ द्या," सत्यव्वा म्हणाली. "चालू देत न्हाय तर माजी जेन काडून द्या. म्या घिऊन जाते."

आता सगळेच हसले. त्यांना वाटले ती विनोद करते आहे. ती विनोद करीत नव्हती. ती वाट बघत उभी होती. फळ्या उचलतील, जेना गुंडाळतील, बिरा गाडीत टाकील, असे तिच्या मनात खरोखरच होते, कारण तिच्या घरी व्यवहार असाच होतो. हसणे ओसरले तरी ती उभी होती. मग तिने पायरीवरचा पाय खाली घेतला, बिराला हाक मारली आणि बाहेर गेली. बाबूराव पडद्याआडून हे सगळे पाहत होते. त्या दिवशी त्यांनी प्रवेश केला तेव्हा आवाज आला नाही. चालही पूर्वीपेक्षा चांगली होती, भार अंगठ्यावर. टाळ्या पुष्कळ पडल्या.

मी पत्रक काढले. चिटणिसांनी सुचवलेच होते. लोकांनी वाचले. एक मास्तर मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "भाषा फार जोरदार आहे हो तुमची." पुढे काही झाले नाही.

कासीमचाचांना मात्र त्या सकाळचे लागले. त्या दिवसापासून त्यांनी नाट्यगृहाच्या रस्त्याने जायचे सोडले. श्रावणात ते मला घेऊन मंद्रूपला गेले. सत्यव्वा दारात शेळीला पाला टाकत होती. चाचा ओट्यावर बसले, पानाचा डबा काढला, मिटला, आणि म्हणाले, "बहन, मैं जबान दिया था. पहारेकरी आपला आदमी आहे. पहाटे कोणी नसतं. मागच्या दाराने घेऊन जातो, चल, चालून घे."

तिने शेळीच्या तोंडातली फांदी ओढून दुसरी दिली.

"चोरावानी?" ती म्हणाली. "माज्याच जेनवं?"

चाचांनी पानाचा डबा परत खिशात टाकला.

"मिस्त्री, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. तुमी चाललासा, तुमचं झालं. माजं ऱ्हायलंय. ते दिसा उजेडी व्हईल, समद्यांम्होरं, न्हायतर नगंच. तवर ती जेन माजी हाय. दिली न्हाय म्या ती. कुनी इचारलं तर सांगा, वापरायला दिलीया."

बिरा आतून ताक घेऊन आला. आम्ही ते प्यालो आणि परत निघालो. त्यानंतर दोन बंगल्यांची कामे आली. आम्ही पुन्हा डांबरी कागद घातला. चांगला असतो कागद. पण चालताना कळते.

आता तुमच्याकडे वळतो. नाट्यगृह कंपनीच्या मालकाचे नाही. चिटणिसांचेही नाही. ते वर्गणीतून उभे राहिले आणि वर्गणी तुम्ही दिली. रंगपीठावर कोणी चालावे हे ठरवायचा हक्क तुमचा आहे आणि तुम्ही तो एका माणसाच्या रंगदेवतेला देऊन पेढे खात बसलात. त्या सकाळी हसलेल्यांत तुम्ही होता की नव्हता, हे मी विचारत नाही. दिवाळीनंतर नवा खेळ लागेल. तिकीट काढा, आपापल्या जागी जा, आणि बसू नका. चिटणिसांना सांगा की आधी सत्यव्वा चालेल, मग नांदी. तिला मंद्रूपहून आणायची गाडी मी आणि चाचा बघतो. तुम्ही उभे राहा, आणि ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून खाली उतरेपर्यंत उभेच राहा.